मोठीचे आठ महिने

आमच्या मोठीचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव होतं. सासूबाईंनी बारशाला ठेवलं होतं, आणि आठ महिने घरात त्या नावाने तिला हाका मारल्या गेल्या. ती गेल्यावर मात्र ते कुणाच्याच तोंडून निघालं नाही. पुढे धाकटी झाली. त्यानंतर कधी विषय निघालाच तर आम्ही ‘मोठी’ एवढंच म्हणायचो.

माझं माहेर गिरगावातलं. वडील फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. लालबागच्या चाळीतलं स्थळ आलं तेव्हा आई नाखूश होती. वडील म्हणाले, “मुलगा बी.एस्सी. आहे, दादरला शाळेत शास्त्र शिकवतो. आपल्याला मुलगा बघायचा की चाळ?” ह्यांचे वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले आणि छातीच्या दुखण्याने लवकर गेलेले. सासूबाईंनी गिरणीतल्या माणसांची खानावळ चालवून मुलाला शिकवलं होतं. लग्न झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, हे सव्वीसचे.

ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं. आमच्या नाक्यावर आठवड्यातून दोनदा तरी सभा व्हायची. हे पत्रकं लिहून द्यायचे, सभेत बोलायचेही. पण ह्यांच्या भाषणात एक भलताच विषय शिरायचा. दूर समुद्रातल्या बेटांवर, बर्फाळ मुलखात बड्या राष्ट्रांचे हायड्रोजन बॉम्बचे प्रयोग चालले होते. त्यांची धूळ वर आभाळात जाते, वाऱ्याबरोबर पृथ्वीभर फिरते आणि पावसातून खाली येते, असं हे लोकांना समजावून सांगायचे. “मुंबई आपली झाली, तरी तिच्यावर पडणारा पाऊस कुणाचा असेल?” असं एकदा म्हणाले. खाली बसलेला एक गिरणीकामगार म्हणाला, “मास्तर, आधी मुंबई मिळू द्या, मग आभाळाचं बघू.” सगळे हसले. हे हसले नाहीत.

मला तेव्हा ह्यांचा अभिमानच वाटायचा. शाळेच्या ग्रंथालयात येणारी इंग्रजी मासिकं हे घरी आणायचे, वाचायचे आणि रात्री जेवताना मला अर्थ सांगायचे. ह्या धुळीतला एक पदार्थ गवतात जातो, गवतातून गाईम्हशीत, दुधातून माणसाच्या हाडांत. आईच्या पोटातल्या गर्भाला त्याचा धोका सगळ्यात जास्त, कारण तिथे सगळंच नव्याने घडत असतं. जपानमधल्या मच्छीमारांची गोष्ट सांगितली, त्यांच्या होडीवर पांढरी राख पडली होती ती. सासूबाई ताट पुसत ऐकत होत्या. म्हणाल्या, “म्हणजे आता मासळीय बंद?”

“मोठी मासळी नको, आई,” हे म्हणाले.

“बांगडो चलात?”

ह्यांनी बराच विचार करून चालेल म्हणून सांगितलं.

लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि मूल हवं असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. म्हणून त्या पावसाळ्याच्या सुरुवातीलाच ह्यांनी घरात नियम घातले. गच्चीच्या पन्हळीखाली बादली लावायची नाही. दूध फक्त चहापुरतं. आणि पालेभाजी बंद, कारण पानांवर पाऊस थेट पडतो आणि धुतली तरी सगळं निघत नाही. मी भायखळ्याच्या बाजारातून सुरण, बटाटे, दुधी, भोपळा आणायची. माठ, मेथी, अळू काही नाही. श्रावणात आमच्या घरी अळूचं फतफतं झालं नाही असं ते पहिलंच वर्ष, असं सासूबाई पुढे कित्येकदा म्हणाल्या.

हे शाळेच्या प्रयोगशाळेतून एक यंत्र घरी घेऊन आले. काचेची बाटली, तिच्यात पितळेची कांडी आणि कांडीला चिकटवलेलं सोन्याचं पातळ पान. कांडीला विजेचा भार दिला की पान तिरकं उभं राहायचं. जवळ किरणं सोडणारा पदार्थ असला तर ते हळूहळू खाली येतं, असं हे म्हणाले. ह्यांनी पावसाचं पाणी स्टोव्हवर आटवलं, तळाशी उरलेली पूड बाटलीजवळ ठेवली आणि मांडीवर घड्याळ घेऊन बसले. पान खाली आलं. मग पूड दूर ठेवून पुन्हा केलं. पान तेव्हाही खाली आलं, तेवढ्याच वेळात.

“म्हणजे?” मी विचारलं.

“हवा दमट आहे. दमट हवेत ते तसंही पडतं. ह्यातून काहीच ठरवता येत नाही.”

हे त्यांनी वहीतही प्रामाणिकपणे लिहिलं. पण नियम तसेच राहिले.

मला दिवस राहिले ते श्रावणात. शनिवारी मी माहेरी जायची. आई मला पेलाभर दूध द्यायची आणि मी ते प्यायची. ह्यांना सांगितलं नाही. मला दूध आवडायचं, आणि आईसमोर ते नाकारायचं म्हणजे सगळं समजावत बसावं लागलं असतं. ह्यांना फसवते आहे असं तेव्हा फारसं वाटलं नाही.

तिसरा महिना असताना चंद्रग्रहण आलं. संध्याकाळीच लागणार होतं. आमच्या मजल्यावर अजून दोघी गरोदर होत्या. त्यांना दुपारीच सांगून ठेवलं होतं की आडवं पडून राहायचं, हात हलवायचा नाही, काही कापायचं नाही, नाही तर मूल तसंच कापलेलं निघतं. सासूबाईंनी माझंही अंथरूण घातलं. हे शाळेतून आले आणि अंथरूण बघून भडकले.

“शास्त्राच्या मास्तराच्या घरात हे चालणार नाही,” म्हणाले. “पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. पाचवीतल्या मुलाला कळतं.”

त्यांनी विळी उचलून बाहेर गॅलरीत ठेवली. मला म्हणाले, “बस इथे. भाजी चीर. सगळ्यांना दिसू दे.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा रागीट नव्हता. उत्साहाने फुलला होता, सभेत बोलायला उभे राहताना असायचा तसा. मी बसले. सासूबाई देवापुढे तोंड फिरवून बसल्या. सगळ्या खोल्यांची दारं लावलेली होती, पण दारांच्या फटींतून डोळे दिसत होते. मी एक अख्खा दुधी चिरला. मला भीती वाटत होती का, असं आज विचारलं तर नक्की सांगता येत नाही. फोडी गरजेपेक्षा फार बारीक केल्या होत्या एवढं आठवतं. हे शेजारी उभं राहून लहान मुलांना चंद्र कसा झाकला जातो ते सांगत होते.

मोठी झाली ती मे महिन्यात, जवळच्याच एका प्रसूतिगृहात. बाळंतपण फार वेळ चाललं. ती रडली तेव्हा मला वाटलं, झालं, सुटले. पण नर्सने तिला माझ्याजवळ आणलंच नाही. दुसऱ्या टेबलावर पाठमोरी उभी राहून तिचं काहीतरी चाललं होतं.

“मुलगी का?” मी विचारलं.

“हो. पडून राहा बाई.”

“दाखवा की.”

“डॉक्टरीणबाई येऊ देत.”

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा तिला कपड्यात घट्ट गुंडाळून माझ्या कुशीत ठेवलं गेलं. गोल चेहरा, भरपूर काळं जावळ. चेहऱ्यात काही उणं नव्हतं. मग बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि तिला हळूच पालथं केलं. कमरेच्या वर, पाठीच्या मधोमध, लिंबाएवढी गाठ होती. कातडी इतकी पातळ की आतलं पाणी दिसत होतं.

“कणा तिथे जुळलेला नाही,” बाई म्हणाल्या. “पाय हलवत नाही ती. गाठ फुटू द्यायची नाही, फुटली तर आत ताप शिरतो. ऑपरेशन करणारे आहेत, पण एवढ्या लहान जिवाचं काय होईल ते कुणी खात्रीने सांगणार नाही. मी तुमच्यापासून लपवत नाही.”

मी विचारलं, “कशामुळे झालं?”

“होतं असं कधीकधी.”

हे उत्तर मला पुरलं नाही. आमच्यापैकी कुणालाच पुरलं नाही.

घरी आलो तेव्हा सासूबाईंनी मला एक शब्दही विचारला नाही. त्या ह्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “तूच बसयलंस तिका आडाळ्यार,” म्हणाल्या. आडाळो म्हणजे त्यांच्या भाषेत विळी. “आता बघ काय झाला ता.”

हे म्हणाले, “आई, ग्रहणाचा काही संबंध नाही. हे बॉम्बचं काम आहे.”

त्या म्हणाल्या, “बाँब हंय खंय पडलो?”

त्या दिवशी ह्यांच्या बोलण्याने मला आधार वाटला, हे मी कबूल करते. चाळीतल्या बायका बाळाला बघायला यायच्या आणि नजरा माझ्याकडे वळायच्या. कुणी विचारायचं, उलटी झोपायचीस का; कुणी विचारायचं, कुठे पाय पडला होता का. प्रत्येकीच्या प्रश्नात गुन्हेगार मीच. फक्त हे म्हणत होते की हिचं काही चुकलं नाही, चूक दहा हजार मैलांवरच्या माणसांची आहे. पण मग शनिवारचं दूध आठवायचं आणि मी गप्प व्हायची.

इथेच एक सांगून टाकते, म्हणजे मागून सांगितल्यासारखं होणार नाही. तीस-बत्तीस वर्षांनी धाकटीला मूल व्हायचं होतं तेव्हा मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टरीणबाईंनी तिला दिवस राहण्याआधीपासूनच एक गोळी घ्यायला सांगितली. कशाला म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, बाळाचा कणा नीट जुळावा म्हणून. अगदी पहिल्या महिन्यातच तो जुळतो, बाईला कळायच्याही आत. पूर्वी अशा गोळ्या नव्हत्या, मग बायकांना ते कशातून मिळायचं, मी विचारलं. “पालेभाज्यांतून,” त्या म्हणाल्या. “हिरव्या पालेभाज्या भरपूर खायच्या.”

मी त्या खुर्चीवर बसून होते. धाकटी विचारत होती, “आई, बरं वाटत नाही का?” मी म्हटलं, उकडतंय. हे तेव्हा हयात होते. घरी गेल्यावर ह्यांनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या. मी म्हटलं, सगळं ठीक आहे. ह्यांना मी ते कधीच सांगितलं नाही. आणि तेच कारण होतं असंही मी म्हणत नाही. पालेभाजी न खाणाऱ्या कितीतरी बायकांना धडधाकट मुलं झाली आहेत. पण ही गोष्ट मला माहीत आहे आणि ती मी एकटीनेच जवळ ठेवली.

मोठीला उताणं निजवता यायचं नाही. सासूबाईंनी आपलं जुनं मऊ लुगडं फाडून त्याची चुंबळ केली, डोक्यावर हंडा घेताना करतात तशी. गाठ चुंबळीच्या मध्ये यायची आणि कशाला घासायची नाही. दर दोन तासांनी त्या तिची कूस बदलायच्या. खानावळीची अर्धी माणसं त्यांनी कमी केली. ग्रहणाचं त्यांनी पुन्हा तोंडातून काढलं नाही. मोठी माझ्यापेक्षा त्यांच्या आवाजाला जास्त ओळखायची. तिचे हात छान चालायचे. सासूबाईंच्या कानातली कुडी तिने धरली की सुटता सुटायची नाही. पाय मात्र जिथे ठेवावेत तिथे राहायचे. मी अंघोळ घालताना ते चोळायची आणि दुसऱ्या दिवशी हलतील असं स्वतःला सांगायची.

तिसऱ्या महिन्यापासून तिचं डोकं मोठं होऊ लागलं. टोपडी पुरेनाशी झाली. डॉक्टरीणबाईंनी फीत लावून मोजलं आणि आकडा कागदावर लिहून ठेवला.

गणपती जवळ आले. आमच्या भागातल्या मंडळाने त्या वर्षी देखाव्याबरोबर एक माहितीचं प्रदर्शन लावायचं ठरवलं होतं. एक बाजू संयुक्त महाराष्ट्राची, दुसरी अणुस्फोटांची. दुसरी बाजू ह्यांच्याकडे होती. हे रोज संध्याकाळी पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवत बसायचे. एका संध्याकाळी ओळखीच्या फोटोग्राफरला घरी घेऊन आले.

“हिचा एक फोटो हवा आहे,” मला म्हणाले. “चेहरा नाही घ्यायचा. फक्त पाठ.”

मी मोठीला दूध पाजत होते. आधी मला कळलंच नाही.

“कशाला?”

“लोकांना नुसतं सांगून पटत नाही गं. डोळ्यांनी बघितलं तर पटेल. नाव लिहिणार नाही आपण. हजारो माणसं बघतील.”

“खाली काय लिहिणार?”

“अणुस्फोटाचा परिणाम.”

मी मोठीला छातीशी धरून उठले. फोटोग्राफर दारातच उभा होता, त्याने मान खाली घातली. मी म्हटलं, “तुम्हाला ठाऊक आहे का तो परिणाम आहे म्हणून? तुमचं ते सोन्याचं पान तर दोन्ही वेळा पडलं.”

त्यांचा चेहरा पडला. “तुला ग्रहणच खरं वाटतं का?”

“मला काहीच वाटत नाही. माझी मुलगी पुठ्ठ्यावर लावायची नाही.”

सासूबाई आतून आल्या, त्यांनी मोठीला माझ्याकडून घेतलं आणि तिच्यावर पदर टाकला. फोटोग्राफरला म्हणाल्या, “चाय घेवन जा.” तो चहा न घेताच गेला. त्यानंतर पंधरा दिवस आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतं बोललो. प्रदर्शन झालं. त्यात परदेशी मासिकातून कापलेली चित्रं होती. मी बघायला गेले नाही.

दसऱ्यानंतर एक दिवस हे म्हणाले, “सरांना विचारू या. ते काय म्हणतील ते मी मानीन.” सर म्हणजे ह्यांना कॉलेजात शिकवलेले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. निवृत्त होऊन शिवाजी पार्कजवळ राहायचे. आम्ही मोठीला घेऊन टॅक्सीने गेलो, कारण बसमध्ये धक्के लागले असते.

सर फार वयस्कर, सडसडीत, पांढरंशुभ्र धोतर. त्यांनी मोठीला बघायला मागितलं नाही. ह्यांनी आणलेली कात्रणं मात्र चष्मा पुसून सगळी वाचली. मग म्हणाले, “धूळ पडते हे खरं. अशा किरणांनी गर्भाला अपाय होतो हेही खरं. आपल्याकडे पडते ती किती, आणि तेवढीने काय होतं, हे अजून कुणालाच नीट माहीत नाही.”

“पण सर, ही मुलगी—”

“ऐक. पुढेमागे कुणी लाखो मुलांचा हिशेब मांडेल आणि म्हणेल, ह्या बॉम्बमुळे इतकी मुलं जास्त बिघडली. तो आकडा कदाचित खरा असेल. पण हे मूल त्यातलं का, असं विचारलंस तर त्याला सांगता येणार नाही. बॉम्ब नव्हते तेव्हाही अशी मुलं जन्माला येत होती.”

“म्हणजे ते लोक सुटले?”

“सुटले असं मी म्हणालो का? गुन्हा आहे. फक्त तुझ्या मुलीपुरता तो सिद्ध होणार नाही. कधीच.”

हे कात्रणं गोळा करत राहिले. एक कागद खाली पडला तो दोनदा उचलायला गेले आणि दोनदा निसटला.

सरांच्या पत्नींनी मला आत बोलावलं, मोठीला पाजायचं निमित्त करून. पलंगावर स्वतः दोन उशा लावून दिल्या. मोठीचं दुपटं सरकलं आणि चुंबळ दिसली. त्यांनी विचारलं, “ही कुणी केली?”

“सासूबाईंनी.”

“आम्हाला कुणी सुचवलं नाही,” त्या म्हणाल्या. “आमची बारा दिवसांत गेली. गाठ दुसऱ्याच दिवशी फुटली होती.”

मोठीला पाजता पाजता मी मान वर केली.

“चाळीस वर्षं होऊन गेली. तेव्हा कुठले बॉम्ब? मला सांगितलं होतं, तू डोहाळजेवणाच्या दिवशी जिन्यात पाय घसरून पडलीस म्हणून. मीही तेच धरून बसले. आयुष्यभर जिना उतरताना कठड्याला हात लावते.” मग बाहेरच्या खोलीकडे बघून म्हणाल्या, “ते हा विषय कधी काढत नाहीत. आज तुम्ही आलात म्हणून एवढं तरी बोलले.”

मी त्यांना दुधाचं सांगितलं. ग्रहणाचंही सांगितलं. सांगताना मला रडू आलं, मोठी जन्मल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, “पेलाभर दूध प्यालीस. एवढंच ना? पुढच्या वेळीही पी.”

परत येताना हे टॅक्सी करायच्या आधी पार्कच्या कट्ट्यावर बसले. मैदानात दुसऱ्या दिवशीच्या सभेसाठी बांबू ठोकत होते. मी विचारलं, “मानाल ना सर म्हणाले ते?” त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “मला वाटलं होतं, कुणावर तरी रागवता येईल.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत पेपरात बातमी आली की बड्या राष्ट्रांनी बॉम्बचे प्रयोग तूर्त थांबवायचं ठरवलंय. ह्यांनी ती मोठीला मांडीवर घेऊन मोठ्याने वाचून दाखवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. तिला मान आता धरता येत नव्हती, हे एका हाताने तिचं डोकं पेलून धरत होते.

पौषात तिला ताप आला. गाठीचा एक कोपरा लाल झाला होता. तीन दिवस डॉक्टरीणबाई घरी येऊन इंजेक्शन देत होत्या. चौथ्या दिवशी दुपारी, खानावळीची माणसं जेवत असताना, ती सासूबाईंच्या मांडीवर गेली. सासूबाईंना ते कळलं होतं, पण पंगत उठेपर्यंत त्या हलल्या नाहीत. शेवटचा माणूस हात धुऊन गेला तेव्हा मला हाक मारली. म्हणाल्या, “थंड झाला गो पोर.”

एवढ्या लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. बायकांनी जायचं नसतं, म्हणून मी आणि सासूबाई घरी राहिलो. चुंबळ तिच्याबरोबरच दिली. कारकुनाने कागदावर मृत्यूचं कारण ‘जन्मतः व्यंग’ असं लिहिलं. हे घरी आल्यावर तो कागद बराच वेळ हातात धरून बसले. बदलून घ्यायला हवं का, असं ते विचारतील असं मला वाटलं. विचारलं नाही. कागद घडी करून ट्रंकेत ठेवला.

काही आठवड्यांनी, रविवारी सकाळी मी तांदूळ निवडत होते. हे दाढी करत होते. आरशातूनच त्यांनी विचारलं, “त्या दिवशी तू काय चिरलं होतंस?”

“कधी?”

“ग्रहणाच्या दिवशी.”

माझे हात थांबले. एवढं शिकलेला माणूस. मी म्हटलं, “दुधी.”

“बरं,” ते म्हणाले आणि दाढी पूर्ण केली. त्यांचा गाल कापला होता, रक्त येत होतं. मी उठून त्यांना तुरटी दिली. त्या प्रश्नाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

मग दोन वर्षं ह्यांनी मूल नको म्हटलं. कारण सांगत नव्हते. मी विचारलं की “बघू” म्हणायचे आणि गॅलरीत जाऊन उभे राहायचे. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा आमच्या चाळीला रोषणाई केली होती. हे खाली जाऊन सगळ्यांना पेढे वाटून आले, पण वर आल्यावर अंथरूण घालून भिंतीकडे तोंड करून पडले. एवढ्या वर्षांच्या लढ्याचा दिवस तो. मी जवळ जाऊन बसले. म्हणाले, “मी सभेतून बोलायचं सोडलं, तुझ्या लक्षात आलं का?” आलं होतं.

त्या घराला कंटाळून मी एकदा महिनाभर माहेरी जाऊन राहिले. सासूबाई मला न्यायला आल्या, आयुष्यात पहिल्यांदा गिरगावात. आईसमोर खुर्चीवर बसल्या नाहीत, खालीच बसल्या. म्हणाल्या, “माझो झील भियालो हा. तू भियां नको.” झील म्हणजे मुलगा. मी त्यांच्याबरोबर परत आले.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी आधी सासूबाईंना सांगितलं आणि मग ह्यांना. ह्यांनी कुठलाच नियम घातला नाही. त्या सुमारासच बॉम्बचे प्रयोग परत सुरू झाले. हे मला कळलं ते शेजारणीच्या घरी पेपर चाळताना. आमच्या घरी त्या दिवशी पेपर आलाच नव्हता. हे म्हणाले, पेपरवाला विसरला. पुढचे कितीतरी दिवस तो विसरतच राहिला. सकाळ-संध्याकाळ दूध प्यायले, सासूबाई आणतील ती भाजी खाल्ली, आणि ह्यांच्यासमोर हसतमुख राहिले. त्यांनीही तेच केलं. नऊ महिने आम्ही दोघं एकमेकांना सांभाळत एकाच गोष्टीला भीत होतो.

धाकटी त्याच प्रसूतिगृहात झाली. त्याच बाई होत्या. त्यांनी तिला उघडीच माझ्या पोटावर पालथी ठेवली आणि म्हणाल्या, “बघून घ्या नीट.” मी बघितलं. हात फिरवला. मग पुन्हा फिरवला.

हे बाहेर बाकावर बसले होते. नर्स दोनदा बोलवायला गेली तरी उठले नाहीत. शेवटी सासूबाईंनी धाकटीला उचललं, बाहेर नेलं आणि त्यांचा हात धरून तिच्या पाठीवर ठेवला. हे सगळं मला त्यांनीच नंतर सांगितलं. म्हणाल्या, पहिल्यांदा त्याने डोळे मिटून घेतले होते. मानेपासून खाली एकेक मणका बोटाने मोजत गेला, कमरेपर्यंत पोचला, आणि तिथून पुन्हा वर आला. किती वेळ मोजत होता, त्याकडे सासूबाईंनी नंतर लक्ष देणं सोडून दिलं.